बंदी कागदावर, बंदूक कपाटात
घरात मारहाण करणाऱ्याकडून बंदूक काढून घ्यावी म्हटलं की कुणीतरी म्हणतं, "मारायचंच असेल तर सुरीही पुरते." हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. सुरीपासून पळता येतं, दार लावून घेता येतं. छळणाऱ्याच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो, असं अमेरिकेतल्या ११ शहरांच्या अभ्यासात २००३ सालीच दिसलं होतं.

तिथे १९९६ पासून बायकोला मारहाण केल्याच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्यालाही बंदूक बाळगता येत नाही. २०२४ च्या रहिमी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, संरक्षण आदेश (छळापासून बचावासाठी कोर्ट देतं तो मनाई हुकूम) लागलेल्या धोकादायक माणसाला शस्त्रबंदी करणं घटनेत बसतं, असं ८ विरुद्ध १ मताने सांगितलं. प्रियकर मात्र २०२२ पर्यंत १९९६ च्या या बंदीतून बरेचदा निसटायचे. आता तेही त्यात आले, पण पहिलाच गुन्हा असेल तर ५ वर्षांनी हक्क परत मिळू शकतो. एवढी घाई कशासाठी?

आणि खरं भगदाड वेगळंच आहे. घरात आधीपासून असलेली बंदूक कुणी, किती दिवसांत जमा करून घ्यायची, याची पद्धत केंद्रीय कायद्यात नाहीच. ज्या राज्यांनी ती स्वतः आखलेली नाही, तिथे दोषी ठरून कोर्टातून बाहेर पडलेला नवरा त्याच कपाटाकडे परततो.