जुन्या डिझेल फोर-व्हील-ड्राइव्हला आधी रिमॅप की आधी दुरुस्ती?

सह्यधार, पुणे

माझ्याकडे २०१२ सालची महिंद्रा थार सीआरडीई आहे. २४९८ सीसीचे टर्बो डिझेल इंजिन, कंपनीने सांगितलेली ताकद १०५ बीएचपी आणि १८०० ते २००० आरपीएमच्या दरम्यान २४७ न्यूटन मीटर टॉर्क. गाडीचे आतापर्यंत १,४८,००० किलोमीटर झाले आहेत. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटातल्या ज्या चढांवर ती पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये सहज जात असे, तिथे दुसरा टाकावा लागू लागला आणि अॅव्हरेज लिटरला १०.४ किलोमीटरवर आले. ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने रिमॅप, म्हणजे इंजिनच्या संगणकातला डिझेलचा आणि टर्बोच्या दाबाचा कंपनीने ठरवलेला हिशेब (मॅप) बदलून घेण्याचा सल्ला दिला, कारण त्याने ताकदही वाढते आणि अॅव्हरेजही, असा सर्वांचा समज आहे. एका ट्यूनिंगवाल्यांनी १३० बीएचपी आणि ३१० न्यूटन मीटर असे आकडे सांगून २८,००० रुपये मागितले. त्यांनी बॉनेट उघडून पाहिले नाही आणि गाडी किती चालली आहे हेही विचारले नाही. मी परत आलो.

त्यानंतर जुन्या गॅरेजवाल्यांबरोबर दोन दिवस बसून गाडी तपासली. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपला क्लिपच्या खाली चीर गेलेली होती. इंजिन जागेवर चालू असताना ती दिसत नव्हती, पण बूस्ट चढला की उघडत असे आणि टर्बोने दाबलेली हवा तिथूनच बाहेर जात असे. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. वीस किलोमीटर चालवून चारही रिमना हात लावल्यावर एक रिम इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागला, तेव्हा ते कळले. ईजीआरमधून (एग्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) येणाऱ्या काजळीचा आणि तेलाच्या वाफेचा थर इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांमध्ये, इतका साचला होता की हवेची वाट अरुंद झाली होती. या सगळ्याचा खर्च ९,००० रुपयांच्या आत आला आणि घाटात तिसरा गिअर परत मिळाला.

टायरचा हिशेब मात्र माझ्याकडूनच चुकला होता. मूळच्या २३५/७० आर १६ ऐवजी मी २४५/७५ आर १६ टायर बसवले होते. जुन्या टायरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर, नव्याचा ७७४, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गाडी सव्वापाच टक्के जास्त अंतर कापते आणि ओडोमीटरला त्याचा पत्ता नसतो. मी ज्याला १०.४ समजत होतो ते प्रत्यक्षात १०.९च्या पुढे होते. टायरचा हा फरक धरून आणि एकाच पंपावर तीन वेळा टाकी पूर्ण भरून आता १२.१ मिळते.

यावरून माझे मत ठाम झाले आहे की दहा-बारा वर्षांच्या डिझेल गाडीवर रिमॅप करणे म्हणजे उपाय चुकीच्या टोकाकडून सुरू करणे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी कारणांसह लिहावे.

कृष्णाकाठ, कोल्हापूर

मला पटत नाही. आपण जे केले ती दुरुस्ती आहे आणि ती उत्तमच केली आहे, पण तिच्या जोरावर ट्यूनिंगला निकाली काढणे योग्य नाही. चीर गेलेल्या पाइपची गाडी रिमॅपला नेणारा मालक चुकतो. त्यामुळे रिमॅप चुकीचा ठरत नाही.

माझी थार २०१४ सालची आहे. गाडी पूर्ण निरोगी असताना रिमॅप केला आणि त्यानंतर चार वर्षांत ५२,००० किलोमीटर चालवली, बहुतेक कोल्हापूर ते आंबोली आणि पुढे गोवा. मी कमाल ताकदीचा मॅप घेतला नाही. खालच्या आरपीएमवर टॉर्क थोडा वाढवून वरची बाजू जवळजवळ कंपनीसारखीच ठेवायला सांगितली. अॅव्हरेज त्याच रस्त्यावर, त्याच टायरवर १२वरून १२.९ झाले.

यामागे जादू नाही. डिझेल इंजिन कमी आरपीएमवर आणि भरपूर भाराखाली सर्वांत किफायतशीर चालते, कारण प्रत्येक फेऱ्यात पिस्टन, बेअरिंग आणि पंप यांच्या घर्षणात जाणारी ताकद मोजावीच लागते आणि फेरे जितके जास्त तितका तो खर्च जास्त. एकाच वेगाने, एकाच चढावर जी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवर जाऊ शकते, तिला दुसऱ्यात तीन हजारांवर फिरवत नेणे हा डिझेलचा अपव्यय आहे. खालचा टॉर्क वाढला की चालक गिअर उतरवत नाही आणि बचत तिथून येते. पाय जड ठेवला तर ती होणार नाही, हे मान्य. पण कंपनी एकच मॅप राजस्थानच्या उन्हासाठी, लडाखच्या उंचीसाठी आणि कमी प्रतीच्या डिझेलसाठी बनवते, त्यामुळे त्यात राखीव जागा ठेवलेली असते. तिच्यातला थोडा भाग समजून-उमजून वापरण्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही.

नोझलकाम, सांगली

आमचे पंप आणि नोझल दुरुस्तीचे दुकान आहे, वडिलांपासून. रिमॅप करून आलेल्या आणि बिघडून आलेल्या गाड्या टेबलावर पाहतो, म्हणून लिहितो.

कृष्णाकाठ यांनी सांगितलेली राखीव जागा खरी आहे, पण ती नव्या गाडीची आहे. दीड लाख किलोमीटर चाललेल्या इंजेक्टरची सुई आणि सीट झिजलेली असते. संगणक त्याला ठराविक काळ उघडण्याचा आदेश देतो, पण प्रत्यक्षात किती डिझेल पडते आणि त्याचे कण किती बारीक होतात हे झिजेवर ठरते. चारपैकी एक इंजेक्टर जास्त सोडत असेल तर मॅप बदलल्यावर त्याच सिलिंडरमध्ये आणखी जास्त पडते. डिझेल पूर्ण जळायला ढोबळमानाने वजनाच्या साडेचौदा पट हवा लागते, पण मिश्रण कधीच एकसारखे होत नसल्यामुळे अठरा पटीच्या खाली गेले की काळा धूर दिसू लागतो. पेट्रोल इंजिनात जादा इंधन थंडावा देते. डिझेलमध्ये उलट आहे. जादा डिझेल म्हणजे जादा उष्णता, आणि ती प्रथम पिस्टनचा माथा आणि टर्बोचे चाक भोगते. टर्बोच्या आधी एग्झॉस्टचे तापमान ७०० अंशांच्या पुढे बराच वेळ राहू देऊ नये, असे मी माझ्या ग्राहकांना सांगतो. रस्त्यावर गाडी सुसाट जाते तेव्हा नव्हे, तर भर उन्हात, सामान लादून, लांब चढावर हे तापमान चढते.

दुसरी गोष्ट क्लचची. २४७चे ३१० करणे म्हणजे क्लच प्लेटवर पाव पट जादा भार, आणि तोही कमी आरपीएमवर, जिथे ती आधीच सर्वांत जास्त ताण सोसते. खालचा टॉर्क वाढवण्याचा सल्ला अॅव्हरेजसाठी बरोबर असला तरी क्लचसाठी तोच सर्वांत कठोर आहे. म्हणून माझे मत दोघांपेक्षा वेगळे आहे: रिमॅपला सरसकट विरोध नको, पण आधी चारही इंजेक्टरची रिटर्न टेस्ट (प्रत्येकातून न वापरता परत जाणारे डिझेल मोजणे), सिलिंडरचे कॉम्प्रेशन, आणि एग्झॉस्टला तापमानाचा गेज, एवढे केल्याशिवाय कोणी लॅपटॉप जोडू देऊ नये. कृष्णाकाठ, आपल्या गाडीला गेज आहे का? आणि रिटर्न टेस्ट शेवटची कधी झाली?

रायगडपायथा, महाड

माझी महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आहे, प्युजोचे २११२ सीसीचे इंजिन, ना टर्बो ना संगणक. आमच्यासाठी ट्यूनिंग म्हणजे पंपाचे टायमिंग, नोझल उघडण्याचा दाब, टॅपेट आणि स्वच्छ एअर फिल्टर. अनेक जण पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवतात आणि एक्झॉस्टमधून काळे ढग सोडत चढतात. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा वाढवण्याचा मार्गच नाही, त्यामुळे ते जादा डिझेल फक्त धूर होते. उंचीवर तर आणखी वाईट: १३०० मीटरच्या पुढे असलेल्या महाबळेश्वरात हवा समुद्रसपाटीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक विरळ असते, आणि खाली महाडला बरा वाटणारा स्क्रू वर गेल्यावर अंगावर येतो. मी पंप मूळ मापावर परत आणून टायमिंग बरोबर करून घेतले तेव्हा गाडी सकाळी पहिल्या फेऱ्यात सुरू होऊ लागली आणि आवाजही मऊ झाला. सह्यधार यांच्या बाजूने माझे मत.

गंगापूर रोड, नाशिक

चर्चेत इंजिनच आहे, शेजारी चालणारा माणूस नाही, म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांवरच भर दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये बदल करणाऱ्या मालकासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पीयूसी मिळाली म्हणजे सर्व ठीक, हा युक्तिवादही टिकत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीमध्ये अॅक्सिलरेटर दाबून धुराचा गडदपणा मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाहीत. ईजीआर हा नेमका त्या ऑक्साइडसाठी असतो, आणि बहुतेक रिमॅपवाले ‘मोफत’ म्हणून तोच बंद करून देतात. माझ्या मुलीला दमा आहे. दुसऱ्याच्या घाटातल्या तिसऱ्या गिअरची किंमत तिच्या श्वासाने द्यावी, हे मला मान्य नाही.

कृष्णाकाठ, कोल्हापूर

आपल्या मुलीबद्दल वाचून थांबलो. माझ्या गाडीचा ईजीआर चालू आहे, मी तो बंद करू दिला नाही, आणि काळा धूर नाही हे मी आरशात पाहत असतो. तरीही कायद्याच्या मुद्द्यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. आरसीवरची नोंद बदललेली नाही एवढेच म्हणू शकतो, आणि तेवढे पुरेसे नाही हे मला दिसते.

नोझलकाम, गेज आहे. मे महिन्यात चार माणसे आणि सामान घेऊन आंबोली चढताना ६९० अंश पाहिले आहे, कंपनीच्या मॅपवर त्याच चढावर ६१० असायचे. रिटर्न टेस्ट रिमॅपनंतर केलेली नाही. उद्याच करून घेतो.

सह्यधार, पुणे

गंगापूर रोड यांचा मुद्दा मी मूळ लेखातच मांडायला हवा होता. कृष्णाकाठ, आपले कमी आरपीएमचे तर्कशास्त्र बरोबर आहे, पण आपल्या बचतीचा हिशेब करून पाहा. १२वरून १२.९ म्हणजे १०० किलोमीटरला सुमारे ०.६ लिटर. वर्षाला १३,००० किलोमीटरला ७५ लिटर, ९० रुपये दराने पावणेसात हजार. २८,००० रुपये वसूल व्हायला चार वर्षे, तीही क्लच आणि इंजेक्टर यांचा एकही खर्च न येता. हायवेवर १०० ऐवजी ८० ने चालवले तर हवेचा अवरोध एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो, आणि जीपच्या चौकोनी तोंडाला तो फरक लगेच जाणवतो. ते फुकट आहे. बचतीसाठी रिमॅप हे कारण टिकत नाही. ताकद हवी म्हणून केला असे म्हणालात तर निदान वाद प्रामाणिक होईल.

कृष्णाकाठ, कोल्हापूर

चार दिवसांनी लिहितो आहे. ताकद हवी होती, हे मान्य करतो. ओव्हरटेक करताना ट्रकच्या शेजारी कमी वेळ राहावे, हे मला अॅव्हरेजपेक्षा महत्त्वाचे वाटते आणि अजूनही वाटते. टेस्ट झाली. तीन इंजेक्टरचा रिटर्न जवळजवळ सारखा आहे, चौथ्याचा दुप्पट. नोझलकाम, हे मॅपमुळे झाले की वयामुळे?

नोझलकाम, सांगली

रिमॅपच्या आधीचे माप आपल्याकडे नाही, त्यामुळे ते कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. चौथा इंजेक्टर बदलेपर्यंत कंपनीचा मॅप परत टाका आणि लांब चढ टाळा. इंजेक्टर बदलाल तेव्हा त्याच्या डोक्यावर छापलेला कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या संगणकात, भरल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, आणि उरलेल्या तिघांचे आजचे आकडे तारखेसह लिहून ठेवा.