मेंढीच्या अंगात किरणोत्सारी धातू किती दिवस राहतात?

सांगोल्याचा_पोरगा: घरी मेंढरं आहेत, मी सोलापुरात बी.एस्सी.ला आहे. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टी अपघातानंतर नॉर्वेत रेनडियरना कापण्याआधी काही आठवडे स्वच्छ चारा घालत, मग मांस खाण्यालायक होई, असं वाचलं. पण त्यातल्या किरणोत्सारी सिझियम-१३७ चं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटून संपायला लागणारा काळ) तर ३० वर्षं! मग ते जातं कुठं? वडील म्हणाले, "लेंडीतनं जात असंल." खरंय का?

जुना_ढोरडॉक्टर: वडील निम्मे पास. लेंडीतून जातं आणि मुतातूनही जातं. ३० वर्षं हा अणूचा हिशोब झाला. जनावर तो अणू किती दिवस अंगात ठेवतं, हे वेगळंच प्रकरण आहे.

सिझियमची चाल पोटॅशियमसारखी. चाऱ्यातून रक्तात, रक्तातून मांसात, आणि तिथून सतत ये-जा. त्यामुळे चारा बदलला की मेंढीतलं सिझियम दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं. माणसात याला तीनेक महिने लागतात. गंमत अशी, की ते लाळेतून आणि पाचकरसातून पुन्हा पोटात उतरतं आणि आतडं ते परत शोषून घेतं. नॉर्वेवाल्यांनी नेमकं तिथंच गाठलं. प्रशियन ब्लू नावाचा निळा रंग खुराकातून, चाटणमिठातून, नाहीतर मोठ्या गोळीतून पोटात सोडला. तो सिझियमला धरून ठेवतो आणि लेंडीवाटे घेऊन जातो. (आपली कपड्याची नीळ वेगळी. कुणी मेंढरांना पाजू नका, लोकांचा भरवसा नाही म्हणून लिहितोय.)

सिझियम पाहुणा असेल तर स्ट्रॉन्शियम-९० हा घरजावई. त्याला शरीर कॅल्शियम समजतं आणि हाडात बसवतं. कोकराचं हाड वाढीला लागलेलं असतं, म्हणून त्यात जास्त. तिथून ते वर्षानुवर्षं हलत नाही. प्लुटोनियमची तऱ्हा आणखी निराळी. चाऱ्यातून गेलं तर हजारातला एक भागसुद्धा आतडं आत घेत नाही, बाकी सरळ बाहेर. पण जे रक्तात पोचलं ते यकृतात आणि हाडात ठाण मांडतं. युरेनियम रक्तात शिरलं तर बरंचसं थोड्या दिवसांत लघवीतून जातं, जाता जाता मूत्रपिंडाला त्रास देतं.

रस्सा_भुरका: डॉक्टर, म्हणजे पाया बंद का?

जुना_ढोरडॉक्टर: आपल्याकडं कशाला बंद करताय? आणि तसल्या मुलखातही हाड उकळून स्ट्रॉन्शियम फारसं सुटत नाही. उलट सिझियम मांसातून पाण्यात उतरतं. तिकडं मांस मिठाच्या पाण्यात भिजवून ते पाणी ओतून देतात. आपण रस्साच आधी ओरपतो, तेव्हा ही युक्ती सोलापुरात कुणी ऐकणार नाही.

भौतिकवाली_मॅडम: किलोभर साध्या मटणातही नैसर्गिक पोटॅशियम-४० मुळं साधारण १०० बेकरेल (म्हणजे सेकंदाला शंभरेक अणू फुटतात) असतातच. शरीर पोटॅशियमची पातळी सांभाळून ठेवतं, म्हणून ते साठत जात नाही.

सांगोल्याचा_पोरगा: पण जिवंत मेंढीतलं मोजतात कसं? कापून?

जुना_ढोरडॉक्टर: नाही रे. मेंढी धरायची आणि मोजयंत्र मागच्या पुठ्ठ्याला टेकवायचं. मांस तिथं जाड असतं आणि सिझियमचे गामा किरण कातडीबाहेर येतात. ब्रिटनमध्ये ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सिझियम भरलेल्या मेंढीला रंग फासून कापायला मनाई करत. वेल्सच्या डोंगरी भागात हे २०१२ पर्यंत चाललं, कारण तिथल्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या) मातीतून सिझियम गवतात पुन्हा पुन्हा चढत राहिलं. स्ट्रॉन्शियम मात्र असं बाहेरून सापडत नाही. त्याचे बीटा किरण मांस-कातडीतच अडतात, त्यासाठी हाडच तपासावं लागतं.