मदत हवी आहे: शनिवार पेठेतल्या वाड्यातले जुने बिऱ्हाडकरू
नदीकाठचा आमचा वाडा पुढच्या वर्षी पाडतील. त्याआधी १९६१ पूर्वी इथे कोण राहायचं ते शोधतोय. मिळकत पत्रिका काढली, तीत फक्त मालकांची नावं. भाडेपावत्या १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेल्या. शेजारच्या आजी १९६५ साली लग्न होऊन आल्या, त्यांना आधीचं माहीत नाही. माजघराच्या खांबावर मुलांच्या उंचीच्या खुणा कोरल्यात, बाजूला 'वि. १९३८', 'कु. १९४१'. बास, एवढंच!

पेशवे दफ्तर सुचवू नका, वाडा तेवढा जुना नाही. मोडी वाचता येते. जुना घरनंबर आणि सिटी सर्व्हे नंबर दोन्ही आहेत. त्या काळी घरपट्टीच्या नोंदींत भाडेकरूंची नावं लिहीत का? आणि १९५२ च्या निवडणुकीच्या मतदारयाद्या पुण्यात कुठे बघायला मिळतील?