मदत हवी आहे: चवथीला चाळीस माणसांच्या घरात लेकीचा विग कसा सांभाळायचा?

वळेसर

नमस्कार. इथे एरवी पाककृती वाचायला येते, लिहायची पहिलीच वेळ. विषय लेकीचा आहे आणि तिला विचारूनच लिहितेय. तिच्या अटी: नाव नाही, शाळा नाही, फोटो तर नाहीच.

लेक तेरा वर्षांची, आठवीत. गेल्या दिवाळीच्या आसपास वेणी घालताना तिच्या कानामागे रुपयाएवढा गुळगुळीत गोल दिसला. चाई. महिन्याभरात असे पाच झाले आणि मार्चपर्यंत डोकं जवळजवळ पूर्ण मोकळं. भुवयाही अर्ध्याच उरल्यात. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवलं. त्यांनी नीट समजावलं: अलोपेशिया अरियाटा, शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवरच उलटते. मुळं मरत नाहीत, त्यामुळे केस परत येऊ शकतात, आणि येऊन पुन्हा जाऊही शकतात. तारीख कोणी देणार नाही. थायरॉईड तपासला, ठीक आहे. उपचार चालू आहेत, तेव्हा कृपया औषधं सुचवू नका.

एप्रिलमध्ये विग घेतला. सिंथेटिक, खांद्यापर्यंतचा. मोठ्या बायकांच्या मापातला सगळ्यात लहान, तरीही तिला थोडा सैलच. रात्री स्टँडवर ठेवला की मांजर बसल्यासारखा दिसतो, म्हणून घरात त्याचं नाव मांजर. "आई, मांजर दे गं, उशीर होतोय." हे नाव तिनेच ठेवलंय, म्हणून आम्हीही वापरतो.

शाळेत वर्गशिक्षिका आणि पीटीच्या सरांना सांगितलंय, शिवाय दोन मैत्रिणींना. बाकी वर्गाला ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून दाखवत नाहीत. तिथे बरं चाललंय.

घोटाळा झाला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. स्कूटरवरून उतरून तिने हेल्मेट काढायला घेतलं तर मांजर हेल्मेटात अडकून वर सरकलं. केळीवाल्या बायका समोरच बसलेल्या. तिने ते तसंच आतल्या आत दाबून हेल्मेट पुन्हा घातलं आणि अख्खा बाजार हेल्मेट घालून फिरली. मी कणसांचा भाव करतेय आणि ही शेजारी काच खाली ओढून उभी. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून मागे बसायचं म्हटलं की काही ना काही कारण काढते.

आता चवथ. आमचं मूळ घर सत्तरीत, गणपती पाच दिवसांचा. खाणारी माणसं चाळीसेक, झोपायला आठ-दहा मुली एका खोलीत, चटयांवर ओळीने. माझ्या अडचणी अशा:

झोपताना विग काढावाच लागतो. कुठे काढायचा, कुठे ठेवायचा?

दुसरं, फुगडी. हिला लहानपणापासून फुगडीचं वेड आहे, आणि जोडीदारीण हिच्याच वयाची आतेबहीण, तीही वाऱ्यासारखी फिरणारी. मला स्वप्नात विग उडून माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीला, लटकलेला दिसतो. (हसू नका. थोडं हसलात तरी चालेल.)

तिसरं, वळेसर. सासूबाई दरवर्षी सगळ्या नातींना अबोलीचे वळेसर स्वतः ओवून स्वतःच्या हाताने माळतात. त्यांना आम्ही "केस बारीक कापलेत" एवढंच सांगितलंय. त्यांच्या बोटांना कळल्याशिवाय राहणार नाही.

आणि खरी अडचण चौथी. नवरा म्हणतो, जाण्याआधी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकदाच सगळ्यांना सांगून टाकू, म्हणजे तिथे कोणी काही विचारणार नाही. लेक म्हणते, "मी सांगेन, मला हवं तेव्हा, मला हवं त्याला." मला दोघांचंही पटतं आणि तिथेच अडलंय. कोणी यातून गेलं असेल तर सांगा. अजून तीन आठवडे आहेत.

---

सोलकढी

ताई, वाईट वाटलं वाचून. माझ्या भाच्याला चाई पडली होती, कांद्याचा रस चोळला आणि दोन महिन्यांत केस आले. ग्रामदेवतेला कौलही लावून बघा.

वळेसर

धन्यवाद. कांदा झाला, जास्वंद झाली, एका काकूंनी सांगितलेला लसूणही एकदा झाला. त्याने डोक्यावर फोड आला, मग बंद केलं. कौलाचं सासूबाई बघतील.

---

मुका_वाचक

आठ वर्षं इथे नुसती वाचतेय, तुमच्यासाठी लॉगिन केलं. मला अकराव्या वर्षी सुरू झालं, चौदाव्या वर्षी पापण्यांसकट सगळं गेलं. आता एकोणतीस. विग रोजचा आहे, चष्मा घातल्यासारखा.

आधी चौथ्या प्रश्नाचं. माझ्या आईने मामाच्या लग्नाआधी सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं. हेतू चांगला होता आणि सगळे चांगलेच वागले, तोच त्रास होता. जो तो माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांच्या चार बोटं वर बघायचा. ज्या मावशीने कधी विचारपूस केली नव्हती तिने मला जवळ घेतलं. मला फक्त आईस्क्रीमच्या रांगेत उभं राहायचं होतं. आईवर मी वर्षभर रागावले होते आणि का ते तिला कधीच कळलं नाही. लेकीचं ऐका. पण "मला हवं तेव्हा" म्हणजे ऐनवेळी उघड्यावर पडणं नको, म्हणून वाक्यं आधीच ठरवून ठेवू द्या. माझी अजूनही तीच आहेत: "मला चाई आहे. दुखत नाही, कोणाला लागत नाही. हा विग आहे." आणि लगेच दुसरा विषय. हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, त्याशिवाय लोक विषय सोडत नाहीत. आरशासमोर नको, तुमच्याशी बोलून सराव करू दे. तुम्ही मुद्दाम आगाऊ आत्या व्हा.

झोपताना विग काढायचाच. चटईवर घासून मागचे केस गुंत्याचे गोळे होतात आणि आपल्या दमट हवेत डोक्यावर पुरळ येतं. सुती टोपी घालून झोपू दे. विग ठेवायला स्टँड नको, लगेच दिसतो. शूजच्या खोक्यात भोकं पाडून, आत कागदाचा बोळा घालून त्यावर ठेवायचा. खोलीतल्या एका बहिणीला आधी सांगायचं का, ते तिला विचारा. एक जण आपल्या बाजूला असली की पुरतं. माझी होती ती दिवा घालवायची, मग मी टोपी बदलायचे.

हेल्मेट: विगवर सॅटिनचा पातळ स्कार्फ बांधून वर हेल्मेट. काढताना दोन्ही कानांपुढे विगची कड बोटांनी धरून ठेवायची आणि हेल्मेट दुसऱ्याने उचलायचं. किंवा सरळ विग पिशवीत, डोक्याला स्कार्फ, पोचल्यावर आडोशाला घालायचा. बाजारातलं वाचून मला माझीच एक बस आठवली. ती गोष्ट इथे नको.

---

टोपवाला

मी तीस वर्षं जत्रेच्या नाटकांना रंगभूषा करतो. आमच्या भाषेत टोप. राजाचा टोप तलवारबाजीत पडला तर अख्खं गाव वर्षभर आठवण काढतं, म्हणून बसवणं काय ते मला विचारा.

तुमचा मूळ दोष माप. तीन मापं घ्या: डोक्याचा घेर (कपाळाच्या रेषेवरून, कानांवरून, मानेच्या खळग्यातून), कपाळापासून मानेपर्यंत, आणि एका कानावरून दुसऱ्या कानापर्यंत टाळूवरून. ती विगच्या आतल्या जाळीशी ताडून बघा. मागे मानेपाशी दोन पट्ट्या आणि हुक असतात, बहुतेक लोक त्यांना हातच लावत नाहीत. तेवढ्याने भागलं नाही तर जाळीच्या आत कानामागून कानामागे इलॅस्टिक शिवून घ्या. कोणताही टेलर करेल. फक्त केसांच्या ओळीतून सुई जाऊ देऊ नका.

आत मखमलीचा ग्रिप बँड मिळतो, तो घाला. मोकळ्या टाळूवर गुळगुळीत जाळी सरकते, मखमल धरून ठेवते. फुगडीच्या दिवशी वरून कपाळाला आणि कानांपुढे दोन बाजूंनी लावायची टेप. त्वचेला चालेल अशीच घ्या आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला तुकडा लावून एक दिवस थांबा. लाल झालं तर नाही. आम्ही वापरतो तो स्पिरिट गम पोरीच्या डोक्याला मुळीच नको. क्लिपवाला विगही नको, जे चार केस फुटत असतील ते ओढून निघतील.

मग घरी तालीम. प्रवेशाआधी आम्ही नटाला मान झटकायला लावतो. तुम्ही हॉलमध्ये तिच्याबरोबर दोन फुगड्या घाला. टिकला तर टिकला.

वळेसर विगच्या जाळीत पिना टोचून लावू नका, वजनाने मागे ओढतो. काळ्या हेअरबँडला दोऱ्याने शिवा आणि बँड वरून बसवा. आमच्या नायिकांची फुलं अशीच असतात.

आणि तिला नेवऱ्या तळायला बसवू नका. सिंथेटिक केस कढईच्या वाफेने पुढून आखडतात आणि कुरळे होऊन बसतात, परत सरळ होत नाहीत. समया, निरांजनं, आरतीचं तबक, सगळ्यापासून हातभर लांब.

---

डॉक्टर_रजेवर

त्वचारोग हाच व्यवसाय, पण इथे तपासणीशिवाय सल्ला देत नाही. मोजकंच: ही कीड नाही, बुरशी नाही, एकाचा कंगवा दुसऱ्याने वापरून होत नाही. घरातल्या मुलांना हे एकदा स्पष्ट सांगावं. विगमुळे केस यायचे थांबत नाहीत, मुळांना पोषण रक्तातून मिळतं. कांदा-लसणाने त्वचा भाजते, तुम्ही ते पाहिलंच आहे. नवे केस आधी पांढरे येऊ शकतात, घाबरू नका. विग नसेल तेव्हा उघड्या डोक्याला उन्हात टोपी किंवा सनस्क्रीन हवं.

रिटलेसिटिनिब या गोळ्यांना 2023 मध्ये अमेरिकेत 12 वर्षं आणि त्यावरील वयाच्या रुग्णांच्या गंभीर चाईसाठी मान्यता मिळाली, त्यामुळे "औषधच नाही" हे आता खरं नाही. पण या गटातली औषधं क्षयरोगाची आणि रक्ताची तपासणी करून, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. तुमच्या डॉक्टरांशी बोला, नातेवाइकांशी नको.

ती जेवण टाळू लागली, शाळा नको म्हणू लागली, झोप उडाली तर वाट बघू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट.

---

फुटबॉलवेडा

माझ्या मुलाचे केस केमोने गेले होते. वेगळं प्रकरण, ते नंतर आले. आम्ही हौसेने विग आणला, त्याने एकदाही घातला नाही, सात महिने एकच मळकी टोपी. मला त्या टोपीचा राग यायचा. एवढंच सांगतो की विग हवा की नको हे रोज तिलाच ठरवू द्या, पैसे गेले तरी.

---

वळेसर

चवथ झाली. कळवते म्हटलं होतं.

ग्रुपवर काही टाकलं नाही. नवरा दोन दिवस धुमसत होता. इलॅस्टिक शिवून घेतलं, ग्रिप बँड मागवला, टेपने कोपर लाल झाला नाही. हॉलमधल्या तालमीत माझीच कंबर धरली.

पहिल्या रात्री तिने आतेबहिणीला सांगितलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई फुलांची परडी घेऊन मुलींना उठवायला गेल्या आणि हिची टोपी झोपेत निघालेली. मी दारातच होते. त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "मग वळेसर खंय लावपाचो गो?" मी हेअरबँड दाखवला. ओसरीवर बसून त्यांनी स्वतःच शिवला, दात नाहीत तरी दोरा दातानेच तोडायला बघत होत्या. कौल लावणार म्हणाल्याच. लावू दे.

सगळं गोड नाही झालं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत एका नातेवाईक बाईंनी "काढून दाखव बघू, खरे वाटतात हो" म्हटलं. लेकीने तिची वाक्यं म्हटली, पण दुसरा विषय काही सुचला नाही. पान अर्धं टाकून उठली आणि विहिरीपाशी जाऊन बसली. नवरा मागून गेला. त्याने काय केलं विचारलं तर म्हणाला, काही नाही, दोघांनी विहिरीत खडे टाकले.

फुगडी झाली. तिसऱ्या फेरीला पुढची झुलपं नाकावर आली, ती "थांब थांब" म्हणाली, दोन्ही हातांनी नीट बसवलं आणि पुन्हा हात धरले. बहीण हसली, हीही हसली. ते हसू कोणतं होतं हे मी ओळखायचा प्रयत्न करत राहिले.

आता एक प्रश्न. पाच दिवसांचा धूप आणि तळणीचा वास मांजराला असा चिकटलाय की दोन धुण्यांत गेला नाही. गार पाणी, सौम्य शॅम्पू, न पिळता, सावलीत, सगळं केलं. सोमवारी शाळा आहे. काय करू?

टोपवाला

बादलीभर गार पाण्यात दोन चमचे पांढरा व्हिनेगर, दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग साध्या पाण्यातून काढा. टॉवेलने टिपा, ओला असताना विंचरू नका. पाऊस आहे, वाळायला वेळ लागेल, तेव्हा शनिवारी सकाळीच धुवा आणि पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर लावू नका.