सही केलेली बॅट घेताना खरेपणा कसा तपासावा?

प्रश्न: एका नामांकित फलंदाजाची सही असलेली बॅट विकत घ्यायची आहे. विक्रेता प्रमाणपत्र देतोय, त्याच्या स्वतःच्या लेटरहेडवर. तेवढं पुरेसं आहे का?

शाईप्रेमी: नाही. विक्रेत्याचं प्रमाणपत्र म्हणजे त्याचा शब्दच, फक्त छापलेला. अमेरिकेत एफबीआयच्या 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये पकडलेल्या टोळ्या बनावट सह्यांसोबत बनावट प्रमाणपत्रंही देत होत्या. पीएसए, जेएसए, बेकेट यांसारख्या, सह्यांचा खरेपणा तपासणाऱ्या त्रयस्थ संस्थेचा होलोग्राम असेल तर त्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. विक्रेत्याने पाठवलेली लिंक किंवा क्यूआर कोड वापरू नका. नोंदीतलं वर्णन, आणि फोटो असेल तर तोही, जुळवा; खरा क्रमांक भलत्याच वस्तूवर चिकटवलेला सापडतो.

जुनासंग्राहक: १० पट भिंग घ्या. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात. ऑटोपेनच्या (सही गिरवणाऱ्या यंत्राच्या) सहीत दाब सगळीकडे सारखा, रेषेची सुरुवात-शेवट बोथट. हाताने केलेल्या नकलेत रेघ थरथरते, मध्येच पेन उचलल्याच्या खुणा राहतात, कारण नक्कल करणारा हळू लिहितो. तुलनेसाठी त्याच काळातल्या सह्या घ्या, खेळाडूंची सही वर्षांगणिक आखडत जाते. बॅटचं मॉडेल खेळाडूच्या निधनानंतरचं निघालं, तर विषयच संपला.

शाईप्रेमी: आणि 'सही खरी' म्हणजे 'सामन्यात वापरलेली' नव्हे. त्यासाठी सामन्याच्या फोटोंशी लाकडाच्या रेषा, चेंडूच्या खुणा जुळवाव्या लागतात. पैसे परतीची लेखी अट आधी घ्या.