वाणिज्य पदवीधराने आयटीत जाण्यासाठी पुन्हा एमसीए करावे काय?

पंचगंगाकाठ:

माझा भाचा बी.कॉम. असून शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या लेखा विभागात 8 वर्षे काम करतो. वय 31. त्याला आता आयटीत जायचे आहे. नोकरी सोडून 2 वर्षांचे एमसीए (संगणक विषयातील पदव्युत्तर पदवी) करावे, असे त्याच्या वडिलांचे मत आहे, तर नोकरी सांभाळून सर्टिफिकेशन करावे, असे माझे. पुण्यात सॅप (कंपन्यांचे लेखे, खरेदी, साठा असे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली) राबवण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आणि उमेदवारांच्या मुलाखतीही घेतो, म्हणून माझी बाजू सविस्तर मांडतो.

एमसीए केल्यास 2 वर्षांचा पगार बुडेल, हा मुद्दा मी दुय्यम मानतो. मुख्य अडचण अशी, की पदवी हातात पडेल तेव्हा तो 33 वर्षांचा फ्रेशर असेल आणि लेखा विभागात घालवलेल्या 8 वर्षांची किंमत कोणीही करणार नाही. याउलट सॅपच्या फायको मॉड्यूलमध्ये, म्हणजे वित्तीय लेखे आणि खर्च नियंत्रण या भागात, त्याच वर्षांना मोल आहे. मुलाखतीत मी नेहमी विचारतो, की माल गोदामात आला, पण महिनाअखेरीपर्यंत पुरवठादाराचे बिल आले नाही, तर नोंद कशी होईल? नुसता अभ्यासक्रम केलेला मुलगा जीआर-आयआर खात्याची, म्हणजे माल आला पण बिल बाकी अशा रकमा ज्यात तात्पुरत्या राहतात त्या खात्याची, व्याख्या सांगतो. ज्याने प्रत्यक्ष लेखे बंद केले आहेत तो मात्र खरेदी आदेश, आवक पावती आणि बिल यांचा मेळ कुठे बिघडतो, बिल वाढीव दराने आले तर फरक कोणत्या खात्यात जातो, आणि लेखापरीक्षक त्यावर काय विचारतात, हे न अडखळता सांगतो. हे एमसीएत शिकवले जात नाही. शिवाय सॅपच्या जुन्या ईसीसी प्रणालीची मुख्य देखभाल 2027 अखेर संपत असल्याने सॅपच्याच नव्या एस-फोर हाना प्रणालीवर स्थलांतराची कामे चालू आहेत.

हडपसरकर:

आपले विवेचन मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या उमेदवाराला लागू पडते. प्रश्न मुलाखतीपर्यंत पोहोचण्याचाच आहे. जाहिरातीत ‘किमान दोन एंड-टू-एंड इम्प्लिमेंटेशन’ (सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रणाली बसवण्याचा अनुभव) अशी अट असते आणि नुसते सर्टिफिकेट असलेला अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतो. पाठ केलेल्या प्रश्नसंचांवर परीक्षा पार करणारे इतके झाले आहेत, की प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायला कोणी तयार नाही. याच अडचणीचा फायदा घेऊन काही क्लासवाले बनावट अनुभवपत्रे मिळवून देतात. पुढे पार्श्वभूमी तपासणीत भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन खात्यावर त्या कंपनीची नोंदच सापडत नाही आणि हाती आलेली नोकरी जाते. असे उमेदवार मी पाहिले आहेत आणि त्यांच्या घरच्यांनी त्या क्लाससाठी काढलेले कर्जही मला ठाऊक आहे, म्हणून हे पोटतिडकीने लिहितो.

पदवी ही केवळ ज्ञानासाठी नसते. बँकांच्या आयटी अधिकारी पदासाठी साधे बी.कॉम. चालत नाही. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसासाठी तेथील चार वर्षांच्या पदवीशी समकक्षता दाखवावी लागते आणि आपली तीन वर्षांची पदवी तिथे सहसा अपुरी पडते. एमसीएने ही उणीव कायमची भरून निघते.

पंचगंगाकाठ:

बनावट अनुभवाबद्दल आपण लिहिले ते अक्षरशः खरे आहे. परंतु बँकेचे उदाहरण इथे लागू होत नाही, कारण आयबीपीएस या बँक भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या या पदांसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 30 आहे आणि ती त्याने आधीच ओलांडली आहे. एच-वन-बीसाठी संबंधित कामाची तीन वर्षे ही शिक्षणाच्या एका वर्षाच्या जागी धरण्याची पद्धत आहे. जर्मनीने तर नोव्हेंबर 2023 पासून, गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा योग्य अनुभव असलेल्या आयटी व्यावसायिकांना पदवीशिवायही ब्लू कार्डची (कुशल परदेशी व्यावसायिकांना मिळणाऱ्या निवास व काम परवान्याची) वाट मोकळी केली आहे.

नीलाक्षी:

आपण दोघेही या मुलाने नोकरीबाहेर जाऊन काय करावे, एवढेच बोलत आहात. माझ्या मते आयटीतला पहिला अनुभव त्याला आहे त्या नोकरीतच मिळू शकतो. कारखान्यात ईआरपी (सॅपसारखी सर्व विभागांची एकत्रित प्रणाली) बदलतात किंवा नव्याने बसवतात तेव्हा प्रत्येक विभागातून एक ‘की युजर’ नेमला जातो. जुन्या खात्यांची यादी स्वच्छ करणे, सुरुवातीच्या शिलका नव्या प्रणालीत चढवणे, चाचणीत जीएसटी आणि टीडीएसचे आकडे जुळतात का ते पाहणे, सहकाऱ्यांना शिकवणे, ही कामे त्याच्याकडे येतात. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात असताना अशाच कामातून पुढे सॉफ्टवेअर चाचणीकडे वळले आणि आयएसटीक्यूबी या सॉफ्टवेअर चाचणीच्या प्रमाणपत्राची पायाभूत परीक्षा त्यानंतर दिली. परीक्षेमुळे नोकरी मिळाली नाही, परंतु करत असलेल्या कामाला बाहेरच्यांना कळेल असे नाव मिळाले. अर्थात, त्याला प्रोग्रामिंगच करायचे असेल तर माझा सल्ला वेगळा राहील. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस यांचा सलग अभ्यास नोकरी करून संध्याकाळच्या तुकड्यातुकड्यांत फार थोड्यांना जमतो. एमसीएचे खरे बळ तिथे आहे.

हडपसरकर:

की युजरचा मार्ग मला मान्य आहे, कारण तो अनुभव खरा असतो आणि त्याच्या नियुक्तीपत्रासह सिद्ध करता येतो. तरीही पदवीचा आग्रह मी सोडणार नाही. नोकरी न सोडता इग्नू या मुक्त विद्यापीठाचे एमसीए करता येते. तेही आता 2 वर्षांचेच आहे, आणि संगणक विषय नसलेल्यांना काही जादा पेपर द्यावे लागतात. पंचगंगाकाठ, भाच्याला बारावीला गणित होते का?

पंचगंगाकाठ:

बारावीला गणित नव्हते, त्याने चिटणिसाची कार्यपद्धती घेतली होती. पदवीच्या पहिल्या वर्षी मात्र व्यावसायिक गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर होता.

हडपसरकर:

मग सर्वांत आधी ती गुणपत्रिका काढून ठेवावी. एमसीएच्या पात्रतेत बारावीला किंवा पदवीला गणित असण्याची अट असू शकते. पहिल्या वर्षाचा तो एक पेपर ग्राह्य धरतात का, हे इग्नूच्या प्रादेशिक केंद्राकडे लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत ना नोकरीचा राजीनामा द्यावा, ना कोणत्याही क्लासचे पैसे भरावेत.