नववीतल्या भाचीसाठी नवीन कादंबऱ्या सुचवा (मराठी किंवा इंग्रजी चालेल)

विश्रामबाग_सांगली
नमस्कार मंडळी, माझी भाची यंदा नववीत आहे, वाचायचं भयंकर वेड. फास्टर फेणे, बोक्या सातबंडे, फेलूदाचे मराठी अनुवाद सगळं कधीच संपलंय आणि आता होली जॅक्सनची 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर' वाचून झाली, तेव्हापासून असलंच दुसरं आण म्हणून मागं लागलीय. दुकानात गेलो की एकतर लहान मुलांची चित्रांची पुस्तकं दाखवतात नाहीतर डायरेक्ट मोठ्यांच्या कादंबऱ्या, मधल्या वयाचं काही मिळतच नाही. असं लिहिणाऱ्या लेखकांचं अलीकडं काय आलंय आणि मराठीत काय आहे, प्लीज सांगा.

कृष्णाकाठची_वाचक
दादा, आधी एक सांगते, होली जॅक्सनचं २०२५ चं 'नॉट क्वाइट डेड येट' लेखिकेचं नाव बघून लगेच घेऊ नका. ती तिची मोठ्यांसाठीची पहिली कादंबरी आहे, नायिका सत्तावीस वर्षांची. भाचीला 'गुड गर्ल्स गाइड'च्याच, म्हणजे पिप या नायिकेच्या मालिकेतले पुढचे दोन भाग द्या, पण तिसरा बराच काळोखा आहे, आधी घरातल्या कुणीतरी चाळा.

दुसरं नाव सुझान कॉलिन्स. हंगर गेम्सची मूळ तीन पुस्तकं झाली असतील तर २०२५ च्या मार्चमध्ये आलेलं 'सनराइज ऑन द रीपिंग' नक्की द्या. त्यात हेमिचची गोष्ट आहे, मूळ पुस्तकातला तो दारुडा गुरू इथं सोळा वर्षांचा पोरगा आहे, आणि त्या वर्षी चोवीसऐवजी अठ्ठेचाळीस मुलं एकमेकांना मारायच्या त्या सरकारी खेळात ढकलतात. सरकार टीव्हीवर जे दाखवतं आणि तिथं खरंच जे घडलं त्यातला फरक इतका नीट मांडलाय की मला दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. चौदा-पंधराच्या पोरांच्या हातात दिवसभर मोबाईल असतो, त्यांनी हे वाचायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. गोष्ट काळाच्या हिशोबाने मूळ मालिकेच्या आधीची आहे म्हणून आधी वाचायला देऊ नका हां, मूळची तीन वाचलेली असली तरच ती नीट कळते.

कराडकर
इंग्रजी ठीक आहे, पण मराठीत काहीच नाही असं कुणी म्हणू नका राव. प्रकाश नारायण संत आमच्या कराडचे, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, त्यांचा लंपन तिला भेटलाय का? वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर. आहेत कथाच, पण ओळीनं वाचल्या की कादंबरीच होते. आजी-आजोबांकडं राहणारा पोरगा, ती सुमी, कानडी वळणाची मराठी. ही मोठ्यांच्या कपाटात ठेवलेली असतात म्हणून पोरांपर्यंत पोचतच नाहीत, माझ्या मते तेराव्या-चौदाव्या वर्षीच वाचायची ती पुस्तकं आहेत.

नवीन पाहिजे असेल तर भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला', २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार हिलाच मिळाला. आणि सलीम मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध', २०१९ चा पुरस्कार. लेखक वनखात्यात नोकरीला, त्यामुळं जंगल ऐकीव नाही, बघितलेलं आहे. पण खरं सांगायचं तर ही दोन्ही तुमच्या भाचीला जरा लहान वाटतील. सोळा-सतराच्या पोरांचे प्रश्न, म्हणजे प्रेम, करिअर, घरातली भांडणं, जात, यावर त्यांच्याच वयाच्या आवाजात लिहिणारे मराठीत फार कमी आहेत आणि प्रकाशकांनी याकडं लक्ष द्यायला पाहिजे.

साताऱ्याची_बाई
मी आठवी ते दहावीला शिकवते. कराडकरांचं पटलं, फक्त एक भर. घरी मुलगा असेल तर अँजी थॉमसची २०२१ ची 'काँक्रीट रोझ' द्या, सतरा वर्षांचा मॅव्हरिक अचानक बाप होतो त्याची गोष्ट आहे, मुलांना आपल्याशी कुणीतरी सरळ बोलतंय असं वाटतं. विषय नाजूक आहे, आधी स्वतः वाचा मग द्या. आणि दादा, सुट्टीत भाचीला भिलारला घेऊन जा, पाचगणीजवळच आहे. २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय, घराघरात कपाटं आहेत, कुठंही बसून वाचता येतं. काय आवडतं ते तिलाच निवडू द्या.

विश्रामबाग_सांगली
सगळ्यांचे खूप आभार. हंगर गेम्सची पहिली दोन झालीत, तिसरं आता बघतो. वनवास आजच आणतो, आमच्या ताईकडं असणार. कराडकर, लंपनची चारही पुस्तकं क्रमानंच वाचायची का कुठूनही चालतील?

कराडकर
वनवासपासूनच सुरू करा, क्रम मोडू नका.